लाडावलेली कालवड आता अंगावर येते, काय करावं?

गोठ्यातली:
नमस्कार मंडळी. इथे बरेच गोठेवाले आहेत म्हणून विचारते. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही धायरीचे. २०१७ ला गाव महापालिकेत गेलं, चारी बाजूंनी सोसायट्या उठल्या, पण आमचा गोठा होता तिथंच आहे. चार संकरित गाई आणि शेजारच्या तीन सोसायट्यांत दुधाचा रतीब. मी दिवसा नोकरी करते, सकाळ-संध्याकाळ गोठ्यात. आबा ६८ चे, आई ६२ ची.

गेल्या वर्षी आमची मोठी गाय चौथ्या वेताला व्यायली आणि दुसऱ्या रात्री दुग्धज्वराने गेली. डॉक्टर पोचले तेव्हा मान पोटाकडे वळवून पडली होती, सलाइन लावेपर्यंत संपली. मागे राहिली ही कालवड, ठमी. आईने तिला बाटलीवर वाढवलं. पहिला महिनाभर ती पडवीत गोणपाटावर झोपायची. आई भाकरी थापायला बसली की मागून येऊन पाठीला डोकं घासायची. आम्ही हसायचो, व्हिडिओ काढायचो. सोसायटीतली पोरं फाटकावरून पोळ्या द्यायची आणि तिच्या कपाळाला कपाळ लावून टक्कर टक्कर खेळायची.

आता ती चौदा महिन्यांची आहे. फाटक वाजलं की धावत येते आणि जवळ आली तरी थांबत नाही. हातात घमेलं दिसलं की ढुशी. शिंगाच्या कळ्या लहानपणी जाळायच्या राहून गेल्या, आता चार-चार बोटं शिंगं आहेत.

वसुबारसेला सोसायटीतल्या बायका पूजेला आल्या. आम्ही ठमीला बांधलं होतं, तरी दाव्याला हिसडा देऊन एका काकूंच्या हातातलं ताट उडवलं आणि चक्क त्यांच्या खांद्यावर पुढचे पाय टाकायला गेली. काकू बाजूला झाल्या म्हणून वाचल्या. त्यानंतरच्या रविवारी आबा गव्हाणीत पेंड टाकायला वाकले. ही मागून आली, बरगडीत डोकं घातलं आणि गव्हाणीच्या कठड्याला दाबूनच धरलं. आबांचा आवाजच फुटेना. मी खराटा घेऊन धावले तेव्हा सोडलं. दोन बरगड्यांना चीर गेलीय. दवाखान्यात केसपेपरवर 'कशाने लागले' पुढे तिथल्या मुलीने 'काऊ' लिहिलं, तर आबा बरगड्या धरून म्हणतात, कालवड लिहा.

विचारायचंय ते असं: ही मारकी झाली का? मारून सुधारेल का? विकावी का? आई रडते आणि म्हणते, तिचा दोष नाही, शुक्रवारी तिच्या अंगात येतं. (खरंच शुक्रवारीच जास्त करते. हसू नका.)

---

जुना_नांगर:
ताई, आबांना जपा आधी. शेकबिक नीट घ्या.

आता कालवडीचं. आमच्या पुरंदरात असल्या जनावराला दोनच औषधं. गळ्यात लोढणं आणि नाकात वेसण. लोढणं गुडघ्याला लागलं की पळायचं विसरतं, आणि वेसणीला हात घातला की हत्तीसुद्धा गोगलगाय होतो. तुम्ही शहरातले लोक जनावराला लेकरू करता आणि मग ते लेकरू अंगावर आलं की इथं विचारता. राग मानू नका, म्हातारा माणूस आहे.

---

अर्धा_खेडूत:
काकूंच्या ताटातलं पुरण कोणी खाल्लं ते सांगितलं नाहीत.

गंमत सोडा. फाटकावर आधी पाटी लावा. आपण पुण्यात राहतो, त्याचा काही तरी उपयोग व्हायला हवा. सुचवतो: "कालवडीस पोळी देऊ नये. तिचे पोट भरलेले आहे. आपले हाड मोडल्यास ते आपले आपण जोडून घ्यावे."

---

निवृत्त_पशुवैद्य:
ताई, तुमची कालवड मारकी नाही, पण धोकादायक नक्की आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असतं, आणि लोक इथंच फसतात. 'मायेनं करते हो' म्हणत राहतात आणि एक दिवस कुणीतरी खाली सापडतं.

गाईगुरांची आपसातली भाषा ढकलाढकलीची असते. कोणी कुणाला वाट द्यायची, गव्हाणीवर आधी कोण, हे ती डोक्याने ढकलून ठरवतात. कळपात वाढणारं वासरू पहिल्या महिन्यांतच एखाद्या पोक्त गाईच्या गव्हाणीत तोंड घालतं, एक सणसणीत ढुशी खातं आणि समजतं की अंगचटीला यायला मर्यादा आहे. ठमीला हे कुणीच शिकवलं नाही. तिच्या कळपात तुमची आई होती, पडवी होती आणि पोळ्या देणारी पोरं होती. आई ढुशी मारत नाही.

दुसरं. गायरानातल्या अनोळखी गाईकडे चालत जाऊन बघा. एका ठरावीक अंतरावर ती मान उचलते, अजून पुढे गेलात की सरकते. ते अंतर हीच तुमची भिंत असते. ठमीकडे ते अंतर उरलेलंच नाही. भित्रं जनावर कोंडीत सापडलं तर मारतं. हिला भीतीच नाही, त्यामुळे कोंडीत तुम्ही सापडता.

जुना_नांगर यांना विचारतो, तुमच्या गावात वेसण गाईला घालतात की बैलाला? कामाच्या बैलाला वेसण असते कारण कासरा माणसाच्या हातात असतो. मोकळ्या कालवडीच्या नाकात दोरी अडकवून ठेवली तर ती खुंट्याला, पाइपला अडकून नाक फाटतं. आणि लोढणं ओढाळ गुरासाठी. पळायचं ते थांबवेल, दाबायचं कसं थांबवेल? आबांना तिने पळत येऊन नाही, उभ्या-उभ्या दाबलंय.

ताई, शिंगं किती जाड आहेत आणि ती इतर गाईंबरोबर राहते की वेगळी, ते सांगा. छातीचा घेरही मोजा.

---

गोठ्यातली:
डॉक्टरकाका, वेगळीच आहे. पडवीतून काढली ती सरळ मागच्या छोट्या पत्र्याच्या शेडमध्ये. एकटी. गाईंनी मारू नये म्हणून! घेर मोजला, ५८ इंच. मोजताना आई तोंडापुढे उभी राहिली म्हणून जमलं. खांद्याच्या सांध्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत ५० इंच. शिंगं मुळाशी अंगठ्यापेक्षा जाड.

---

आकडेमोड:
घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६०. सगळं इंचात, उत्तर किलोत. ५८ × ५८ × ५० ÷ ६६० = साधारण २५५ किलो. म्हणजे तीन-साडेतीन माणसं एकदम आबांवर टेकली.

आणि शुक्रवारच्या 'अंगात येण्या'च्या तारखा आहेत का? उगाच विचारत नाहीये.

---

गोठ्यातली:
गोठ्यातल्या कालनिर्णयवर आई दुधाचा हिशोब लिहिते. तिथंच कोपऱ्यात "ठमी चढली", "ठमी हंबरते, खात नाही" असं लिहिलेलं सापडलं. ५ सप्टेंबर, २६ सप्टेंबर, आणि वसुबारस, १७ ऑक्टोबर. तिन्ही शुक्रवार. मी पण घाबरले खरं.

---

आकडेमोड:
५ ते २६, एकवीस दिवस. २६ ते १७, एकवीस दिवस. एकवीसला सातने भाग जातो. देवी नाही ताई, माज आहे.

---

अर्धा_खेडूत:
साष्टांग नमस्कार. 🙏 शुक्रवारचे चणे-फुटाणे वाचले.

---

निवृत्त_पशुवैद्य:
उत्तम पकडलंत. माज म्हणजे गाय फळायला तयार होण्याची वेळ. गाईचं माजचक्र सरासरी २१ दिवसांचं, १८ ते २४ मध्ये कधीही. संकरित कालवड या वयात, या वजनाला माजावर येणारच. माज अर्धा दिवस ते पाऊण दिवस टिकतो. त्यात हंबरणं, खाणं सोडणं, दुसऱ्या गाईवर चढणं, सोट (चिकट स्राव) टाकणं. गाय जवळ नसेल तर ठमीसारखी कालवड माणसावर चढते. तिच्या दृष्टीने काकू ही कळपातली एक गाय. पुढचा माज ७ नोव्हेंबरच्या आसपास येईल. दोन्ही वेळा बरोबर एकवीस आले हा योगायोग, चौथ्यांदा वार चुकला तर मला दोष देऊ नका.

पण एक सांगतो. माजाने वसुबारसेचा उलगडा होतो, रविवारचा होत नाही. आबांना दाबलं तेव्हा ती माजावर नव्हती, तिला फक्त पेंड हवी होती. आता 'गाभण राहिली की शांत होईल' म्हणून कुणी गप्प बसवेल. गाभण राहिल्यावर ती ४०० किलोची होईल आणि पेंड तेव्हाही हवीच असेल.

शिंगांबद्दल. कळी जाळायचं काम पहिल्या काही आठवड्यांतलं, कळी कवटीला चिकटण्याआधीचं. आता ती शस्त्रक्रिया आहे, नस बधिर करून, आणि कवटीतली पोकळी उघडी पडते. माश्यांच्या दिवसांत तर नकोच. घाई करू नका. डोकं तर उरणारच आहे, आणि आबांच्या बरगड्या शिंगाने नाही, कपाळाने गेल्या.

---

मुळशीचा_भाचा:
हे वाचून राहवलं नाही. आमच्या मामाकडे गोऱ्हा होता, असाच बाटलीवरचा, एकटा वाढवलेला. दीड वर्षापर्यंत पोरं त्याच्या पाठीवर बसायची. मग एके दिवशी तो मामासमोर आडवा उभा राहिला. म्हणजे अंगावर येत नव्हता, नुसता आडवा, पाठ कमानीसारखी, मान खाली, एक डोळा मामाकडे. मामाला वाटलं, खाजवून घ्यायला उभा आहे. हात पुढे केला. मांडीचं हाड मोडलं. आज वर्ष झालं, मामा अजून लंगडतो.

ताई, तुमची कालवड आहे हे नशीब समजा.

---

निवृत्त_पशुवैद्य:
भाचेराव, ते आडवं उभं राहणं प्रत्येक गोठेवाल्याने पाठ करून ठेवावं. जनावर स्वतःचा आकार दाखवत असतं. त्यानंतर हनुवटी आत घेऊन मान खाली, डोळे वटारलेले, फुसकारा, मग पायाने माती उकरणं. शेपटी वर करून, मागच्या लाथा हवेत झाडत हुंदडणारं वासरू वेगळं, ते खेळतंय. अर्थात २५५ किलोचा खेळही दुरूनच बघावा. आणि एकट्याने बाटलीवर वाढलेला गोऱ्हा हा या सगळ्यातला सर्वांत धोक्याचा प्रकार. भीती नाही आणि वर नरपण. तसा वाढवायची वेळ आलीच तर पहिल्या आठवड्यापासून इतर वासरांत ठेवा.

---

जुना_नांगर:
डॉक्टर, वेसण बैलाला हे कबूल. पण काठी तरी हातात असू द्या बाईच्या.

---

निवृत्त_पशुवैद्य:
काठी हवीच, त्यात वाद नाही. वाद काठी कशासाठी यावर आहे. हाताची लांबी वाढवायला. ती दोन पावलांवर आली की खांद्यावर किंवा मानेच्या बगलेवर टोकायचं, आवाज द्यायचा, आणि ती एक पाऊल मागे सरकली की त्याच क्षणी काठी खाली. तो क्षण महत्त्वाचा. सरकल्यावरही मारत राहिलात तर सरकून फायदा काय, हे तिला कळणारच नाही. आणि पाच मिनिटांनी राग काढायला मारलंत तर कशाबद्दल मारलं तेही कळणार नाही. डोळे, नाक, शेपटीचं मूळ इथे कधीच नाही.

तोंडासमोर उभं राहून दोन्ही हातांनी कपाळ ढकलणं बंद. ते तिच्यासाठी आमंत्रण आहे, पोरांनी शिकवलेला खेळच तो. खाजवायचंच असेल तर कपाळ सोडून खांद्यावर, गळ्याखाली, शेपटीच्या मुळाशी. तेही ती शांत उभी असताना आणि तुम्हाला वाटलं म्हणून. तिने ढोसलं म्हणून नाही.

---

गोठ्यातली:
काका, एक प्रॅक्टिकल अडचण. शेड दहा बाय बारा. फाटक एका टोकाला, गव्हाण दुसऱ्या टोकाला. पेंड टाकायला तिच्यासमोरून पलीकडे जावंच लागतं. मी आता प्लास्टिकचं पिंप पुढे धरून जाते, ढालीसारखं.

---

निवृत्त_पशुवैद्य:
मग खोट कालवडीपेक्षा शेडमध्ये जास्त आहे. ज्या जागेतून माणसाला दोन उड्यांत बाहेर पडता येत नाही तिथे आत जायचंच नाही. गव्हाणीवरच्या पत्र्याला झापड करून घ्या, बाहेरून पेंड टाका. पेंड आधी, कालवड नंतर. घमेलं हातात घेऊन आत जाणं आजपासून बंद.

शिवाय गव्हाणीजवळच्या कोपऱ्यात दोन उभे लोखंडी पाइप ठोका, मध्ये १४ इंच. त्या फटीतून माणूस आडवा होऊन निघतो, तिचं पोट अडकतं. (माझ्या वयाच्या माणसाने आधी स्वतः निघून बघावं.)

आत असताना भिंत आणि ती यांच्यामध्ये उभं राहू नका. पाठ फिरवून पळू नका, तोंड तिच्याकडे ठेवून तिरकं-तिरकं फटीकडे सरका. पडलात तर उठायची धडपड न करता लोळत-सरपटत त्या फटीतून बाहेर. आणि बाजूला उभं राहिलं की लाथ लागत नाही असं समजू नका. घोड्याची लाथ मागे जाते, गाईची पुढून बाजूला फिरून येते.

---

सिंहगडरोड_वरून:
एक महत्त्वाचं, कुणी लिहिलं नाही म्हणून. ठमीचं सगळं हळूहळू वाढत गेलंय, म्हणून हा सवयीचा प्रश्न. पण शांत जनावर दोन दिवसांत अचानक बदललं, आवाज घोगरा झाला, सतत हंबरतंय, लाळ गळतेय, पाणी गिळता येत नाही, मागचे पाय लडबडतात, तर आधी रेबीजचा विचार करा. भटकी कुत्री आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. 'घशात काहीतरी अडकलंय' म्हणून तोंडात हात घालू नका. १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन करा. जनावर बांधून सगळ्यांना लांब ठेवा, आणि लाळ लागली असेल तर साबणाने भरपूर वेळ धुऊन त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जा.

---

निवृत्त_पशुवैद्य:
+१. धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

---

पेठेतला:
एवढा व्याप कशाला? चाकणच्या शनिवारच्या बाजारात न्यावी आणि मोकळं व्हावं.

---

जुना_नांगर:
मोकळं तुम्ही व्हाल, घेणाऱ्याचं काय? त्याच्या घरात पण म्हातारा असेल, पोरं असतील. विकायची तर खोड सांगून विका. आमच्यात दात लपवणाऱ्याला माफी आहे, खोड लपवणाऱ्याला नाही.

---

गोठ्यातली:
आज ९ नोव्हेंबर. सगळ्यांना उत्तर द्यायचं राहिलं होतं, सॉरी. कामं चालू होती.

झापड झाली, पाइप झाले. आबा फटीतून निघून दाखवतात, वर बरगड्यांवर हात ठेवून, म्हणजे उपकार आमच्यावर.

ठमीला गंगीबरोबर मोठ्या गोठ्यात सोडलं. गंगी आमची सर्वांत जुनी गाय, सहा वेतं झालेली. पहिल्याच संध्याकाळी ठमी सवयीने तिच्या गव्हाणीत घुसली. गंगीने मान वर न करता, खाता-खाता, कोपराने ढकलावं तशी एक दिली. ठमी तीन पावलं मागे. परत गेली, परत मिळाली. आई बाहेर पदर तोंडाला लावून उभी. चौथ्या दिवशी गंगीने नुसतं बघितलं आणि ठमी सरकली. चौदा महिने आम्हाला जमलं नाही ते तिने चार दिवसांत केलं, तेही चारा न सोडता.

म्होरकी (तोंडावरून बांधायची दोरी) घातली. रोज सकाळी पंधरा मिनिटं कासऱ्यावर चालवते. कासरा हाताला गुंडाळायचा नाही हे पहिल्याच दिवशी शिकले, तळहाताचं सालटं निघालं. ओढली की सुटणारी गाठ मारते. ती ओढते तोवर मी घट्ट, सैल झाली की मी सैल. काल पहिल्यांदा फाटकाशी माझ्या मागे थांबली. पूर्ण नाही, शेपूट वाजवत, पण थांबली.

हातात पाऊण इंची पाइपचा तुकडा असतोच. पाच-सहा वेळा खांद्यावर टोकावं लागलं. एकदा चिडून मी उगाच जास्तीची मारली, तर ती दिवसभर म्होरकीला हातच लावू देईना. काका, तुमचा 'तो क्षण' कळला.

माज ६ नोव्हेंबरला आला. गुरुवारी! आई म्हणते, देवीने वार बदलला. या वेळी ती गंगीवर चढली, आमच्यावर नाही. सकाळी दिसला तर संध्याकाळी रेतन करतात असं आमचे डॉक्टर म्हणाले, पण आम्ही पुढच्या माजापर्यंत थांबलोय. तिला आधी नीट चालायला येऊ दे.

आईचं एकच राहिलंय. परवा गव्हाणीत भाकरीचे तुकडे सापडले. विचारलं तर म्हणे गंगीला दिले. गंगी भाकरी खात नाही. शेवटी तह झाला: रोज एक भाकरी, बाहेरून, झापडीतून, आणि आईने हात आत घालायचा नाही. आता संध्याकाळी आई पत्र्याच्या या बाजूला आणि ठमी त्या बाजूला, दोघी झापडीला नाक लावून उभ्या असतात.

---

अर्धा_खेडूत:
आणि पाटी? पाटीचा फोटो टाका की.

---

गोठ्यातली:
लावली होती. खडूने लिहिली होती. ठमीने चाटून पुसली.